चौदा डबे आणि एकशे सतरा डबे

पत्र :

नमस्कार. मी पुण्यात धायरीला राहते, वय ४१. शाळेच्या ऑफिसातली नोकरी सुटल्यावर दोन वर्षांपूर्वी घरून डबे द्यायला सुरुवात केली. आज चौदा डबे जातात. तीन पोळ्या, भाजी, आमटी-भात, कोशिंबीर, ८० रुपये. बहुतेक गिऱ्हाईक म्हणजे नऱ्हे-आंबेगावची कॉलेजची मुलं आणि एकटे राहणारे नोकरीवाले. शिवाय खालच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना दोघांत एक डबा पहिल्यापासून ६० रुपयांत देते, तो या हिशोबात धरलेला नाही. खर्च जाऊन महिन्याला १२ हजार उरतात. आता मुख्य रस्त्यावर एक गाळा मिळतोय. भाडं २८ हजार, डिपॉझिट दीड लाख. पोळी-भाजी केंद्र काढायचं मनात आहे. धाकटे दीर दोन लाख घालायला तयार आहेत, निम्मी भागी हवी म्हणतात. बाकीचे पैसे मी पाटल्या गहाण ठेवून उभे करीन. सगळ्या परवान्यांचे मिळून एक एजंट साडेनऊ हजार सांगतोय. गाळेमालकाला रविवारपर्यंत उत्तर हवंय. घेऊ का?

उत्तर :

ताई, नमस्कार.

रविवार जवळ आलाय, म्हणून उत्तर आधीच सांगून टाकते. हा गाळा आत्ता घेऊ नका. का ते सांगते, आणि त्याऐवजी काय करता येईल तेही.

पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही हिशोब लिहून पाठवलात, हे फार बरं केलंत. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘धंदा छान चाललाय’ एवढंच असतं. तुमचे आकडे असे : १४ डबे, ८० रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २९,१२० रुपये जमा. किराणा, भाजी, तेल, दही मिळून १७,००० खर्च. उरले १२,१२०. बेरीज-वजाबाकी चोख आहे. पण खर्चाच्या रकान्यात बऱ्याच गोष्टी आलेल्याच नाहीत.

गॅस नाही. घरचा सिलिंडर, तो काय, लागतोच, असं आपण म्हणतो. पिशव्या आणि फॉइल नाहीत. त्या दोन्हींचे मिळून डब्यामागे ६ रुपये धरले तरी महिन्याचे २,१८४ झाले. मुलगा स्कूटरवरून डबे पोचवतो, त्या पेट्रोलचे १,५०० धरू. आता उरले ८,४३६. आणि ज्या बाईने हे सगळं केलं ती तर हिशोबात कुठेच नाही. पहाटे उठून भाजी चिरण्यापासून रात्री डबे घासेपर्यंत रोजचे पाच तास तुम्हीच लिहिलेत. महिन्याचे १३० तास. भागाकार करा : तासाला ६५ रुपये. तुमच्या सोसायटीत पोळ्यांना येणाऱ्या मावशींना त्यांचा तासाचा हिशोब विचारून बघा एकदा.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. याच खड्ड्यात मी तीन वर्षं पडून होते. सहकारनगरात माझं भाजणी, मेतकूट आणि मसाल्यांचं छोटं दुकान होतं. चकलीच्या भाजणीला चांगलं नाव होतं, दिवाळीआधी रांग लागायची, आणि वर्षाअखेरी थोडे पैसेही उरायचे. मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि धूर-आच दोन महिने बंद. तोवर तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, जिरं, सगळं त्याच भाजायच्या. रोज सकाळी, कढईपाशी पाट घेऊन. त्यांच्या जागी मी भाजायला एक बाई ठेवली, तिला रोजची मजुरी दिली, आणि महिनाअखेरी वही मांडली तर किलोमागे तीन रुपयांचा तोटा. दर तेच, गिऱ्हाईक तेच, माल तोच. म्हणजे तीन वर्षं मी नफा म्हणून जे मोजत होते, ती सासूबाईंची न दिलेली मजुरी होती. त्यांना हे सांगितलं तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी तशीच ठेवून त्या म्हणाल्या, “मग आता मला पगार सुरू कर.” केला. दरही वाढवला. दुकानाचा खरा हिशोब तिथून सुरू झाला.

आता तुमच्या गाळ्याकडे येऊ. भाडं २८,०००. व्यावसायिक मीटरचं वीजबिल ४,००० धरते. पोळ्यांना आणि चिराचिरीला दोन मावशी, १३,००० प्रमाणे २६,०००. काउंटरला आणि डबे पोचवायला एक मुलगा, १२,०००. साफसफाई, पाणी, किरकोळ ४,०००. भांडी, ओटा, मिक्सर झिजतात, बिघडतात, त्याचे ३,०००. आणि तुमचा पगार, निदान २०,०००. तो खोडू नका. एकूण ९७,०००. एकही पोळी लाटायच्या आधी.

समोरची बाजू बघा. आज डब्याचा कच्चा माल सुमारे ४७ रुपये पडतो, गॅस-पिशवी ६, एकूण ५३. गाळा झाला की तुम्ही मार्केट यार्डातून पोत्याने माल आणाल, म्हणून तुमच्या बाजूने झुकून ४८ धरते. ८० रुपयांच्या डब्यात राहिले ३२. आता ९७,००० भागिले ३२ म्हणजे महिन्याला तीन हजारांहून थोडे जास्त डबे. दिवसाला ११७.

एकशे सतरा. तेव्हा कुठे तुमचा पगार निघेल. नफा त्याच्या पुढच्या डब्यापासून. साडेतीनशे पोळ्या रोज. किलोभर कणकेच्या मध्यम आकाराच्या पस्तीस-चाळीस पोळ्या होतात, म्हणजे रोज नऊ-दहा किलो कणीक मळायची. आज तुमच्याकडे चौदा गिऱ्हाईक आहेत. रस्त्यावरचा गाळा बघून येणारं गिऱ्हाईक येईलही, पण ते पहिल्या महिन्यात १०३ जणांनी वाढणार नाही आणि भाडं मात्र पहिल्या तारखेपासून सुरू. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

यात आणखी एक मेख आहे, ती एजंट तुम्हाला सांगणार नाही. रोजचे ११७ डबे म्हणजे महिन्याची विक्री २ लाख ४३ हजार, वर्षाची २९ लाखांच्या वर. सेवा देणाऱ्यांना वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते, आणि तयार जेवणाला साधारणपणे ५ टक्के कर आहे, ज्यात तुम्ही खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. गिऱ्हाइकाकडून वर मागाल तर डबा ८४ चा. ८० च ठेवलात तर त्यातले जवळजवळ ४ रुपये सरकारचे, तुमच्या हातात ३२ ऐवजी २८. मग ११७ चे १३० च्या वर जातात. खर्च नुसता भागवायला निघालेला गाळा तुम्हाला कराच्या दारात नेऊन उभा करतो. कर भरायला हरकत नाही, पण तो दरात आधी धरायला हवा. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते अर्धा तास सीएसमोर बसून विचारा. त्या अर्ध्या तासाचे पैसे द्यायला कुरकुर करू नका.

मग काय करायचं? पहिलं काम दर वाढवणं. ऐकूनच पोटात गोळा आला असेल. मुलं पळून जातील, शेजारी नावं ठेवतील. बरं, धरू या की पळतील. डबा ९५ केला आणि चौदातले तीन गेले. आज चौदा डब्यांवर रोज १४ गुणिले २७, म्हणजे ३७८ राहतात. अकरा डब्यांवर ९५ च्या दराने ११ गुणिले ४२, म्हणजे ४६२. तीन डबे कमी करून रोजचे ८४ रुपये जास्त. आणि तीन जातील असं मला वाटतही नाही. पुण्यात चव आणि वेळ या दोन गोष्टी सांभाळणाऱ्याला माणसं सहसा सोडत नाहीत, नुसती बोलतात. एक महिना आधी सांगा, पाटी लावल्यासारखं नको, प्रत्येकाला तोंडाने सांगा. आणि पहिल्या महिन्यात काहीतरी दिसेल असं वाढवा. बुधवारी ताक द्या, शनिवारी शिरा द्या. दर वाढला हे लोक विसरतात, शिरा आठवतो.

दुसरं, चौदाचे तीस करा. गाळ्याविना. तीस डबे, ९५ रुपये, खर्च ५३ च धरते (ठोक खरेदीत जे वाचेल ते व्यावसायिक गॅसमध्ये जाईल), म्हणजे डब्यामागे ४२ आणि महिन्याला ३२,७६०. पोळ्यांना एक मावशी तीन तासांसाठी ९,०००, पोचवायचे ४,०००. राहिले १९,७६०, आणि हा तुमच्या कष्टाचा पैसा आहे, कुणा गाळेमालकाच्या वाट्याचा नाही. गाळ्यात जो वीस हजारांचा पगार ११७ डब्यांनी मिळणार होता, तो तीस डब्यांत जवळजवळ घरबसल्या मिळतोय. मी तर हे दोनदा ताडून पाहिलं.

घरात तीस डबे होत नाहीत, ओटा पुरत नाही, असं म्हणाल. खरं आहे. शिवाय घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं नियमात बसत नाही. १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो, आणि तो फ्लॅटमध्ये ठेवायचा तर सोसायटीची भुवई वर जाणारच. म्हणून एक सुचवते. तुमच्या भागात पोहे-उपमा-इडलीची नाश्ता सेंटर्स गल्लोगल्ली आहेत. त्यांची भट्टी सकाळी अकरा-साडेअकराला थंड होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत ती जागा नुसती कुलपात असते. भाडं मात्र चोवीस तासांचं चालू. अशा एखाद्या मालकाला विचारा : दुपारी तीन ते आठ स्वयंपाकघर मला द्या, महिन्याला अमुक देते, गॅस माझा मी आणते. त्याला आयते पैसे, तुम्हाला ओटा, शेगडी आणि मोरी. हे भाडं मात्र वरच्या १९,७६० मधून जाईल, ते धरून बोला. तुमची बरीच मुलं रात्रीचाच डबा घेतात असं तुम्ही लिहिलंयत, मग वेळही जुळते. भांडी कुणाची कुठे, फ्रीजचा कुठला कप्पा कुणाचा, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. भांडणं पैशावरून कमी आणि फ्रीजवरून जास्त होतात.

आता दीर. हा भाग लिहिताना जरा सांभाळून लिहिते, कारण पत्र त्यांच्याही हातात पडेल.

ते पैसे घालायला तयार झाले हा चांगुलपणा आहे. पण ‘निम्मी भागी’ म्हणजे काय ते दोघांनाही नीट माहीत असायला हवं. १९३२ चा भागीदारी कायदा असं सांगतो की वेगळं ठरलेलं नसेल तर नफा-तोटा भागीदारांत सारखा वाटला जातो, आणि धंद्यात राबणाऱ्या भागीदाराला त्या राबण्याचा पगार मागता येत नाही. परत वाचा. नुसत्या तोंडी बोलण्यावर भागी केलीत तर पहाटे पाचला उठणाऱ्या तुम्ही आणि महिन्यातून एकदा चक्कर मारणारे ते, दोघांना निम्मं-निम्मं, आणि तुमच्या कष्टाला कायद्याच्या हिशोबात शून्य किंमत. शिवाय फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार असतो. कर्ज थकलं तर सावकार घराच्या दारातही येऊ शकतो. दीर वाईट आहेत म्हणून हे लिहीत नाही. दिवाळीला एका पंगतीत बसायचंय म्हणून लिहितेय.

त्यापेक्षा त्यांचे पैसे उसने घ्या. दोन लाख लागणारही नाहीत, पन्नास-साठ हजारांत मोठी पातेली, पोळीचा तवा, डबे आणि पहिल्या महिन्याचं खेळतं भांडवल निघेल. कागदावर लिहा : रक्कम, व्याज, परत करायचा महिना. बँकेतून बँकेत घ्या. ते नको म्हणाले तर मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं, त्याला तारण लागत नाही. त्याच्या वरचं किशोर ५ लाखांपर्यंत. पाटल्यांना हात लावू नका. गहाण टाकून आणलेला पैसा डिपॉझिटमध्ये गेला की तो गाळेमालकाकडे झोपून राहतो आणि व्याज तुमच्याकडे जागं राहतं.

सबसिडीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी कानाशी लागेलच. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, शहरातल्या महिला उद्योजकांना प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के अनुदान आहे. ते खरं आहे. मात्र ती रक्कम हातात पडत नाही, बँकेत तीन वर्षं तुमच्या नावाने अडकून राहते आणि मग कर्जात वळती होते. म्हणजे हप्ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून धंद्यातूनच भरावे लागतात. पुढे खरंच मोठं करायचं झालं तर शिवाजीनगरला जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा. आज नको. अनुदान मिळतंय म्हणून मोठी मशिनरी घेतलेली आणि ती गोणपाटाखाली झाकून ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत.

एजंटाचे साडेनऊ हजार वाचवा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर आधार क्रमांकावर होते आणि पूर्ण मोफत आहे; पैसे मागणाऱ्या, सरकारी वाटणाऱ्या साइट्स बऱ्याच आहेत, तेवढं बघा. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी घरगुती स्वयंपाकघरालाही लागते. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये शुल्क असं ठेवलं होतं. अर्जाच्या दिवशी पोर्टलवरचा आकडा बघून भरा. तीस डब्यांची तुमची विक्री वर्षाला नऊ लाखांच्या आत आहे. चौदा अंकी नंबर येईल, तो दर्शनी भागात लावा. दुकान झालं तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली तीन-चार माणसांच्या जागेला परवाना लागत नाही, ऑनलाइन नुसती सूचना द्यायची असते. आणि पाटी मराठीत, देवनागरीत हवी. ही कामं तुमचा मुलगा एका रविवारी करून टाकेल.

उधारीबद्दल. उधारीचं पोतं सव्वा हात रितं, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. कॉलेजची मुलं वाईट नसतात, त्यांचे पैसे फक्त वीस तारखेला संपतात. म्हणून महिन्याचे पैसे आगाऊ घ्या, पाच तारखेच्या आत, आणि सुट्टीचे डबे पुढच्या महिन्यात वळते करा. हा नियम सगळ्यांना सारखा. यूपीआयचे पैसे आज तुमच्या घरच्या खात्यात येतात, त्यातूनच वाणसामान आणि त्यातूनच मुलाची फी. मग बारा हजार उरले की आठ, कसं कळणार? डब्यांसाठी एक वेगळं खातं उघडा, त्याचाच क्यूआर कोड द्या, आणि दर एक तारखेला त्यातून तुमच्या खात्यात ‘पगार’ म्हणून रक्कम पाठवा. पहिल्यांदा हसू येईल. पाठवा तरी.

एखाद्या ऑफिसने एकदम वीस डब्यांची ऑर्डर दिली तर हुरळून जाऊ नका. माझ्याकडून एका मोठ्या ऑफिसचं कँटीन दर महिन्याला चिवडा-शेव घ्यायचं. पहिले दोन महिने पैसे वेळेवर आले. मग ‘साहेब सुट्टीवर’, मग ‘बिलावर सही राहिली’, मग सही करणारे साहेबच बदलले. तीन महिन्यांचं बिल मी वर्षभर फिरून गोळा केलं, आणि त्या फिरण्याचं पेट्रोल कुणी दिलं नाही. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने संरक्षण आहे : ठरलेल्या तारखेला, आणि कसंही करून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने व्याज. बिलावर उद्यम क्रमांक छापा, खाली एका ओळीत हे लिहा. बरेचदा ती ओळच काम करते. तरी एकट्या ऑफिसवर निम्मा धंदा टांगू नका.

वर्षातले महिने सारखे नसतात हेही धरून चाला. मे महिन्यात मुलं गावी जातात, नोकरीवाले कोकणात; तीस डब्यांचे बारा होतील. घाबरू नका, पण एप्रिलमध्येच मावशींशी बोलून ठेवा, आणि उन्हाळ्यात कुरडया-पापडांची ऑर्डर घ्या. श्रावणात कांदा-लसूण नको म्हणणारे निघतील, चातुर्मासभर न खाणारेही. आषाढी एकादशीला अर्ध्यांना उपासाचा डबा हवा, अर्ध्यांना रोजचाच. आदल्या दिवशी विचारा, साबुदाणा रात्रीच भिजवावा लागतो. पालखी पुण्यात येते त्या दिवशी आणि गणपतीत पेठांकडचे रस्ते बंद असतात. त्या भागात गिऱ्हाईक घेऊच नका, धायरी-नऱ्हे-वडगावच्या बाहेर जाऊ नका. दिवाळीचा फराळ मात्र सोडू नका. डब्याची जी मुलं दिवाळीला घरी जातात, त्यांच्या आयांना पुण्याची चकली हवी असते. त्या पंधरा दिवसांत नीट केलंत तर मे भरून निघतो. फक्त भाजणी आधी भाजून ठेवा आणि भाजणाऱ्या बाईची मजुरी दरात घाला.

आणि गाळा? कायमचा नको असं नाही. सलग चार महिने साठाच्या वर डबे गेले, त्यातले निम्मे तरी तुम्ही न विचारता आपण होऊन आले, की गाळा बघा. तेव्हा मुख्य रस्त्यावरचा नको. तुमचं गिऱ्हाईक महिन्याचं आहे, ते गल्लीतही येतं. येता-जाता थांबणाऱ्या गिऱ्हाइकासाठी जे जास्तीचं भाडं असतं ते तुम्ही का भरायचं? जागेला व्यावसायिक वापराची परवानगी आहे का, मोरीचं पाणी कुठे जातं, धूर बाहेर काढायला जागा आहे का, वर कोण राहतं, हे बघा. मिरचीच्या फोडणीचा ठसका वरच्या मजल्यावर गेला की महिन्याभरात सोसायटीचं पत्र येतं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि नोंदवलेला करार नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. ‘स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ, नोंदणी कशाला’ असं म्हणणाऱ्या मालकाला हे गोड शब्दांत सांगा. आणि मुदतीआधी सोडायचं झालं तर किती दिवसांची नोटीस, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे दोन आकडे करारात पाहिल्याशिवाय सही करू नका.

रविवारी गाळेमालकाला एवढंच सांगा की सध्या जमत नाही, दिवाळीनंतर बघते. तो म्हणेल दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. असू दे.

राहता राहिले तुमच्या खालच्या मजल्यावरचे आजी-आजोबा. त्यांचा डबा ९५ करायचा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात त्यांचा उल्लेख ज्या तऱ्हेने केलात त्यावरून मनात आहे हे कळलं. करू नका. साठच ठेवा. फक्त वहीत त्यांच्या नावापुढे रोज ‘३५’ असं लिहीत जा, आणि तो आकडा महिनाअखेरी धंद्याच्या खर्चातून नाही, तुमच्या पगारातून वजा करा.